मिसेस बेल आणि फुटलेली बातमी

१

बातमी फुटली होती, आणि फुटली होती ती थेट डेट्रॉइटच्या पेपरात, पहिल्या पानावर.

सोमवारी सकाळी सात वाजता लॉर्ना ब्रॅकेट कॉफीचा पहिला घोट घेते न घेते तोच दारावर थाप पडली. एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त न्यायाधीशाला सकाळी सातला कोणी चांगल्या कामासाठी उठवत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. दारात रेक्स कॉल्व्हर्ड उभा होता. तो गव्हर्नर टेनहॉफ यांच्या प्रचाराचा प्रमुख. त्याच्या हातात पेपर होता आणि चेहरा पाडव्याला कडुनिंब खाल्ल्यासारखा.

"जजबाई, वाचा," एवढंच तो म्हणाला.

अध्यक्षपदाचे उमेदवार वेस्ली टेनहॉफ गुरुवारी आपल्या उपाध्यक्षाचं नाव जाहीर करणार होते. चौदा नावांपासून सुरुवात झाली होती, आणि ती पारखण्याचं काम लॉर्नाकडे होतं. लॉर्नाने प्रत्येकाला दोनशे आठ प्रश्न विचारले होते, त्यांचे कर, आजार, जुनी भांडणं, कॉलेजातले पराक्रम, सगळं उकरून पाहिलं होतं. चाळणीतून शेवटी दोनच उरले: नेवाडाचे गव्हर्नर क्लिंट बॅरागन आणि जॉर्जियाच्या सिनेटर ओडेसा प्रुइट. दोघांनाही टेनहॉफनी लेक सुपीरियरच्या काठावरच्या आपल्या घरी एकेकटं बोलावलं, जेवू घातलं आणि एकच अट सांगितली. ज्याच्याकडून ही गोष्ट बाहेर जाईल, त्याचं नाव त्याच दिवशी कापलं जाईल.

पेपरात लिहिलं होतं:

'गव्हर्नर टेनहॉफ यांनी गेल्या बुधवारी आपल्या सरोवराकाठच्या घरी सिनेटर ओडेसा प्रुइट यांची गुप्त भेट घेतल्याचे समजते. सिनेटर प्रुइट यांनी दुपारी इकडची मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली, तीही रश्श्याशिवाय, नुसत्या केचपबरोबर. व्हरांड्यातून दिसणारे सरोवर त्यांना फार आवडले. एका कुत्र्याच्या दुखऱ्या पंजाबद्दल त्यांनी काळजी व्यक्त केली. उपाध्यक्षपदासाठी त्यांचेच नाव निश्चित मानले जाते.'

लॉर्नाने ते तीनदा वाचलं. मग कॉफी तशीच ठेवून कोट चढवला.

गव्हर्नर आपल्या सरोवराकाठच्या घरात खिडकीशी उभे होते. टेनहॉफ डच शेतकऱ्याच्या घरातले, उंच आणि अबोल. ते रागावले की आणखीच हळू बोलत. आज जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

"भेट कोणाशी होती ते चौघांनाच माहीत होतं," ते म्हणाले. "मी, रेक्स, नोरीन आणि तुम्ही. आणि पाचव्या स्वतः सिनेटर. त्या एकट्या आल्या होत्या, सेक्रेटरीसुद्धा बरोबर नव्हता."

"नोरीनची बहीण टीव्हीत आहे," रेक्स म्हणाला. "आणखी काय सांगू? तिला आज घरी पाठवा, म्हणजे आपण कारवाई केली असं तरी दिसेल."

नोरीन डेसी गेली एकोणीस वर्षं टेनहॉफ यांच्याकडे होती. त्यांचं विमान, गाडी, खोली, औषधाची गोळी, सगळं तिच्या हाती. असं माणूस एकदा 'फितूर' म्हणून बाहेर पडलं की या देशात दुसरा कुठला उमेदवार त्याला दारात उभं करत नाही.

"मला संध्याकाळी पाचपर्यंत वेळ द्या," लॉर्ना म्हणाली.

"पाच," टेनहॉफ म्हणाले. "नाव मिळालं नाही तर नोरीन जाईल. मला दुसरा मार्ग दिसत नाही."

२

लॉर्नाने आधी रेक्सलाच गाठलं. बातमी फुटून सिनेटरचं नाव कापलं गेलं तर लाभ बॅरागनचा होता, आणि रेक्स बॅरागनचा माणूस आहे हे झाडावरच्या खारींनाही माहीत होतं.

"विचारा ना सरळ," रेक्स म्हणाला. "मला क्लिंट हवा आहे, मी लपवलंय कुठे? दिसायला देखणा, पश्चिमेकडची मतं आणतो, बोलतो लोण्यासारखं. पण मी फोडली असती ना बातमी, तर असली मिळमिळीत फोडली असती का? केचप आणि कुत्रं? मी सांगितलं असतं, करांवरून दोघांचं कसं वाजलं ते."

"वाजलं होतं?"

"चांगलं वाजलं. दीड तास. बाई ऐकेचनात." त्याच्या आवाजात नाइलाजाने आलेलं कौतुक होतं.

"कुत्रं कोणाचं?"

"कुठलं कुत्रं? तिथे कुत्रं नव्हतंच. गव्हर्नरना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे. पेपरवाल्यांनी मीठमसाला लावलाय."

लॉर्नाने वहीत काहीच लिहिलं नाही. तिला वहीची सवय नव्हती, पण 'कुत्रं' हा शब्द तिने मनात नीट घडी घालून ठेवला.

नोरीन आपल्या खोलीत बॅग भरत होती. सेहेचाळीस वर्षांची, आखूड केसांची, चटचट बोलणारी बाई. रडून झालेलं दिसत होतं, आता नुसता संताप उरला होता.

"भरून ठेवते. पाच वाजता धावपळ नको."

"बहिणीशी बोललीस?"

"शेवटचं बोलले ईस्टरला, तेही तिने माझी इस्त्री परत केली नाही म्हणून. जजबाई, गुप्ततेच्या कागदावर मी एक्केचाळीस माणसांच्या सह्या घेतल्यात. वैमानिक, ड्रायव्हर, विमानतळावर गेट उघडणारा, सगळ्यांच्या. भेटीला येणाऱ्याचे फोन मी बाहेर पावाच्या डब्यात ठेवले. सिनेटरना 'मिसेस बेल' नाव दिलं, पियानोचे सूर लावणारी बाई म्हणून. आणखी काय करायचं होतं मी?"

"भेट कधी झाली?"

"मंगळवारी. बारा ते साडेतीन. बुधवारी पहाटे त्या परत गेल्या. पेपरवाल्यांना वारसुद्धा धड माहीत नाही."

"आणि कुत्रं?"

नोरीनने बॅगेची चेन ओढली. "मी दिवसभर पुढच्या दाराशी होते. कुत्रं आलं असतं तर मी त्याचीही सही घेतली असती."

लॉर्नाला हसू आलं. एवढ्या अपमानातही जिची जीभ शाबूत आहे, ती बाई फितुरी करणारी नव्हे, असं तिच्या मनाने घेतलं. पण मनाने घेतलेलं कोर्टात चालत नाही, आणि टेनहॉफ यांच्यापुढेही चाललं नसतं.

३

लॉर्ना सरोवराच्या काठाने चालत निघाली. तिला विचार करायला पाय हलवावे लागत.

तिच्यापुढे तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही वेड्यावाकड्या. पहिली, वार चुकला होता. जे तिथे होते त्या सगळ्यांना मंगळवार पक्का ठाऊक होता. म्हणजे पेपरला सांगणारा तिथे नव्हता.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. तिथे असलेल्यांना कुत्रं दिसलं नव्हतं, आणि तिथे नसलेल्याला त्याच्या पंजातलं दुखणंसुद्धा कळलं होतं. हे कुत्रं रेक्सने आणि नोरीनने पाहिलं नाही, तर मग ते पाहिलं तरी कोणी? उरल्या फक्त सिनेटर. पण सिनेटर स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतील?

तिसरी गोष्ट उशिराची. भेट मंगळवारी, बातमी सोमवारी. गुपित विकणारा माणूस सहा दिवस त्यावर अंडं उबवत बसत नाही.

ती एका ओंडक्यावर टेकली आणि बातमी पुन्हा आठवू लागली. जेवण छान होतं. सरोवर आवडलं. कुत्र्याचा पंजा बरा असेल ना. करांबद्दल एक अक्षर नाही, भांडणाबद्दल नाही, कोण काय म्हणालं ते नाही. दीड तासाच्या खडाजंगीतून इतकं गोड-गोड तेवढंच कोण उचलेल?

आणि मग तिला आपली आई आठवली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आई लॉर्नाच्या डोक्याशी पेन्सिल घेऊन उभी राहायची. मावशीने मोजे पाठवलेत, आत्याने पुस्तक पाठवलंय; आभाराची पत्रं लिहून झाल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही. पत्रात काय लिहायचं तेही ठरलेलं. मिळालं त्याचं नाव घ्यायचं, ते कसं आवडलं ते सांगायचं, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करायची. आणि तक्रार, भांडण, पैसा यांचा उल्लेख चुकूनही करायचा नाही.

लॉर्ना ओंडक्यावरून उठली. पेपरात छापलेली ती बातमी नव्हती. ते कोणीतरी कोणालातरी लिहिलेलं आभाराचं पत्र होतं.

तिने तिथूनच नोरीनला फोन लावला.

"मंगळवारी स्वयंपाक कोणी केला?"

"इथलीच कोणी कोस्केला म्हणून म्हातारी आहे, पुढच्या वळणावर राहते. घर झाडते, कोणी आलं की पेस्टी करून मागच्या दाराने देते."

"तिची सही घेतलीस?"

"तिची?" नोरीन हळूच म्हणाली. "ती तर... ती तर स्वयंपाकाची बाई आहे, जजबाई."

४

आइला कोस्केलाच्या दारात एक करडं कुत्रं पुढच्या पंजाला फडकं बांधून पडलं होतं. लॉर्नाला त्याच्या गळ्यातच पडावंसं वाटलं.

आइला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नात. तिने पाहुणी कोण, कशासाठी आली, काही विचारलं नाही. आधी कॉफी ओतली, वेलदोड्याच्या पावाचे जाड काप पुढे ठेवले, मग समोर बसली.

"ती पियानोवाली ना?" ती म्हणाली. "त्या घरात पियानो नाही हो. अकरा वर्षं मीच झाडते. पण म्हटलं, मोठ्या लोकांच्या भानगडी, आपण कशाला नाक खुपसा."

"तुमच्याशी बोलल्या त्या?"

"मागच्या व्हरांड्यात बसल्या होत्या एकट्याच. आत पुरुषमाणसं कुठल्याशा कागदावर डोकं घालून बसलेली. मी ताट न्यायला गेले तर उठून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तुमचं नाव काय? अकरा वर्षांत त्या घरी आलेल्यांपैकी पहिलीच बाई हो विचारणारी. मुस्ती लंगडत आला माझ्यामागे, तर खाली बसून त्याच्या पंजातली काच काढली नखाने. चांगल्या कपड्यांत, फरशीवर."

"त्यांच्या आधी एक गृहस्थ आले होते..."

"उंच, दात छान असलेला. त्याने ताट माझ्या हातात दिलं माझ्याकडे न बघताच. तोही जेवला पोटभर. आपण कशाला खोटं बोला."

लॉर्नाला पुढचा प्रश्न विचारावा लागलाच नाही. आइलाच्या फ्रिजवर, नातवंडांच्या फोटोंमध्ये, लोहचुंबकाखाली एक छोटं पत्र लावलेलं होतं. वर तारीख आणि वार घातला होता: बुधवार.

'प्रिय मिसेस कोस्केला,' त्यात होतं, 'विमानात बसल्या बसल्या लिहिते आहे. तुमची पेस्टी मी केचपबरोबर खाल्ली, तुम्ही बजावलं होतं तशी, आणि तुमचंच बरोबर होतं. व्हरांड्यातून सरोवर पाहिलं ते विसरणार नाही. मुस्तीच्या पंजाला रोज कोमट मिठाचं पाणी लावा, बरा असेल अशी आशा करते. तुम्हाला माझं नाव दुसरंच काही सांगितलं गेलं होतं. जिच्या हातचं खाल्लं तिला खोट्या नावाने आभार लिहिणं मला जमत नाही. तुमची, ओडेसा प्रुइट.'

"शनिवारी आलं," आइला म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफी असते, तिथे नेलं. मला अशी पत्रं येत नाहीत हो. सगळ्यांना दाखवलं. पाद्रीबाईंचा भाऊ होता, तो इकडच्या बातम्या डेट्रॉइटला पाठवतो. त्याने दोनदा वाचलं. मला वाटलं, त्याला अक्षर आवडलं."

मग तिने लॉर्नाचा चेहरा पाहिला आणि तिचा कप मध्येच थांबला.

"त्या बाईंना माझ्यामुळे काही होणार आहे का? टाकू का चुलीत? तिकडे पेटलेलीच आहे."

लॉर्नाने एकदा चुलीकडे पाहिलं. सिनेटर प्रुइट तिला फार आवडल्या होत्या. दोनशे आठ प्रश्नांपैकी एकालाही त्यांनी वळसा घातला नव्हता. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा साक्षीदार तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला होता. हे पत्र जळलं तर त्या वाचत होत्या. पण मग पाच वाजता नोरीन जात होती.

"नका जाळू," ती म्हणाली. "असं पत्र जाळायचं नसतं."

५

पाचला दहा मिनिटं असताना लॉर्नाने सगळं मांडलं. वार का चुकला, कारण सांगणाऱ्याने वार पत्रावरून उचलला. सहा दिवस का लागले, कारण पत्राला टपालाने यायला शनिवार उजाडला आणि चर्चच्या कॉफीला रविवार. कुत्रं कोणालाच का दिसलं नाही, कारण ते मागच्या दारी होतं, आणि मागच्या दाराकडे तुमच्यापैकी कोणी बघतच नव्हतं.

"एक्केचाळीस सह्या घेतल्या," ती म्हणाली, "आणि जी बाई सगळ्यांना जेवू घालत होती, ती कोणाच्या मोजणीतच नव्हती. एक सिनेटर सोडून."

रेक्स खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे फोडणाऱ्या सिनेटरच. माणूस वाईट नाही, मान्य. पण अट ती अट. क्लिंटला फोन लावू?"

"आधी सिनेटरना लावा," टेनहॉफ म्हणाले.

फोन टेबलावर मधोमध ठेवला. लॉर्नाने दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून जॉर्जियाचा संथ, भरदार आवाज आला.

"पत्र मीच लिहिलं. सकाळपासून पेपर समोर ठेवून बसले आहे, कुत्र्याचं वाचलं तेव्हाच कळलं. दुपारी दोनदा फोन केला गव्हर्नरना, पण लाइन मिळाली नाही."

रेक्स छताकडे बघू लागला. दुपारचे फोन त्यानेच अडवले होते.

"माझी आई एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढायची," सिनेटर म्हणाल्या. "त्या एकतीस वर्षांत तिला एक पत्र आलं. ते तिच्याबरोबर पुरलं आम्ही. मी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही, पाकिटावर तिकीट लावलं आणि टाकलं. चूक झाली. तुमची अट मला मान्य आहे, वेस्ली. क्लिंट चांगला माणूस आहे. फक्त एक सांगा, यात दुसऱ्या कोणावर आळ आला का?"

लॉर्नानेच सांगितलं. नोरीन, एकोणीस वर्षं, बॅग भरलेली.

"त्या तिथे आहेत?" आवाज एकदम खाली आला. "नोरीनबाई, माझ्या निष्काळजीपणापायी तुमचा सबंध दिवस कसा गेला असेल ते मला कळतं. मला माफ करा."

नोरीन दाराशी उभी होती, कोट घातलेला, बॅग हातात. तिची माफी आजवर कोणी मागितली नव्हती. अशा लोकांची माफी मागायची पद्धतच नसते.

टेनहॉफ फोनजवळ सरकले. मग बोलले, आणि नेहमीपेक्षा स्पष्ट बोलले.

"अट मी घातली ती पोटात गोष्ट ठेवणारं माणूस शोधायला. पण उपाध्यक्षाचं खरं काम एकच असतं. उद्या मी नसलो तर देश त्याच्या हाती जातो. तिथे बसणाऱ्याने चूक झाल्यावर काय करायचं, ते आज मी ऐकलं. आणि मी स्वतः काय करत होतो? पुरावा नसताना नोरीनला घालवत होतो. नोरीन, ही माझी चूक. सिनेटर, मी माझी अट मोडतोय. क्लिंटला मीच फोन करून कारणासकट सांगेन. तुम्ही माझ्याबरोबर याल का?"

रेक्सच्याही चेहऱ्यावर आता विरोध उरला नव्हता.

"हा प्रश्न मला नका विचारू," सिनेटर म्हणाल्या. "नुकसान नोरीनबाईंचं होणार होतं. त्या म्हणत असतील तर येईन. त्या नको म्हणाल्या तर गुरुवारी घरी बसून टाळ्या वाजवेन, आणि मनापासून वाजवेन."

खोलीतले सगळे नोरीनकडे वळले. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचा निवाडा अशा बाईच्या हाती आला होता, जिला पाच वाजता दाराबाहेर काढायचं ठरलं होतं.

नोरीनने बॅग खाली ठेवली. कोटाची बटणं एकेक करून काढली. मग टेबलाशी येऊन फोनवर वाकली.

"उद्या सकाळी सातला अटलांटाला विमान पाठवते," ती म्हणाली. "आणि सिनेटरबाई, गुरुवारपर्यंत कृपा करून कोणाला एक ओळही लिहू नका."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला.

"एकच लिहिणार आहे," सिनेटर म्हणाल्या. "तुम्हाला."